गज्याचा डावा कान

आमच्या टोळीत किस्से शोधा लागत नाही, चौघं बसले की एक होतेच! त्यातले अर्धे तर एकट्या गज्याच्या डाव्या कानाचे. गज्या म्हणजे माहा जिगरी. बाप रेल्वेत, अजनीच्या क्वार्टरात राहे. 'राहे' असं म्हणा लागते आता, त्याचाच तर राग येते.

*

सुरुवात माह्यापासूनच झाली. गज्या पतंग उडवून राहिला होता. मी मागून गेलो, पंजा वाटीसारखा केला अन् गंमत म्हणून कानावर फाडकन ठेवून देला. गडी मटकन खालीच बसला. "बे, कानात शिट्टी वाजून राहिली!"

रामदासपेठेतल्या डॉक्टरनं बॅटरी लावून पाह्यलं. "पडद्याला भोक पडलंय. कसं झालं रे?"

मी आपले पायाचे अंगठे मोजून राहिलो.

गज्या म्हणते, "तलावात सूर मारला जी, पाणी लागलं."

माह्याकडं पाह्यलंबी नाही बहाद्दरानं!

*

डॉक्टर म्हणे, "ठार बहिरा नाही झालास. आवाज कमी येईल, गोधडीतून आल्यासारखा. पाणी जाऊ देऊ नको, कदाचित आपोआप बुजेल."

मले काही पटलं नाही. फुटका ढोल कुठं वाजते का? कान गेला म्हणजे गेला!

*

नाक दाबून जोर लावला की गज्याच्या कानातून फुस्सकन हवा निघे. एकदा पंक्चरवाल्या चाचापुढं जाऊन बसला. "चाचा, इथंबी सोल्यूशन लावा ना जरा!"

*

एका कानानं आवाज कुठून आला ते समजत नाही. मी डावीकडून "गज्या!" म्हटलं की गडी उजवीकडं पाहे. सीताबर्डीवर उजवीकडं एक बांगड्यावाली बसे. आठवड्यात चारदा झालं हे. शेवटी बाई तणतणली, "काहून गा, रोज रोज काय पाहतं? बांगड्या भरतं का?"

गज्यानं हात पुढं केला. "भरा वं माय!"

*

पुढच्या टायमाले डॉक्टरनं एक लोखंडी चिमटा टेबलावर ठोकला अन् तो घुमत होता तसाच गज्याच्या कपाळावर टेकवला. "कोणत्या कानात वाजतंय?"

"डाव्या! जोरात!"

मी ऐकलं अन् सुसाट धावलो, बुंदीचा पुडा घेऊन आलो. बरा झाला ना गडी! डॉक्टर हसून राहिले होते. "अरे, पडद्याला भोक असलं की हाडातून आलेला आवाज त्याच कानात मोठा वाटतो."

बुंदी आमी दोघांनीच खाल्ली, गुपचूप. कोणाले वाटली नाही.

*

मी मंग मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूनं चालो. जे तोंडावर बोलता येत नाही ते त्या कानात बोलून टाको. "मीच फोडला बे. चुकलं माहं." गज्या सरळ पाहत चाले. मले मोकळं वाटे. बँकेच्या तिजोरीत ठेवल्यासारखं, कोणाले पत्ता नाही!

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. गावातली सारी पीडा ते मोठी पुतळी आपल्यासंगं घेऊन जाते, म्हणून ज्याले जे नको ते तो तिच्यापुढं बोंबलते. त्या वर्षी गज्याच्या बापाची बदली झाली होती, बिलासपूरले. आठ दिवसात सामान हलणार होतं.

गांधीबागेच्या गर्दीत मी नेहमीसारखा डावीकडं. पिवळी मारबत अजून दूर होती. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "नको जाऊ बे गज्या. मले करमणार नाही."

गज्या सरळच पाहत राहिला.

मारबत समोर आली तसा मी गळा फाडला, "गज्याच्या कानाचं भोक घेऊन जा गे मारबत!"

लोक खदखदून हसले. गज्यानं मले कोपर मारलं, हात वर केले अन् माह्याहून दुप्पट बोंबलला, "कान राहू दे, गोधडीतून सारं ऐकू येते! बापाची बदली घेऊन जा गे मारबत!"