उज्ज्वलाची शिफारस

दिग्रसला बसस्टँडसमोरच्या गाळ्यात बसून उज्ज्वला राठोड ट्रक ठरवून देते. नेरची तूरडाळ असो की जिनिंगमधल्या रुईच्या गाठी, कोणाचा माल कोणत्या गाडीत चढेल हे ती फोनवर जुळवते. तिच्या सासरचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. ही बाई तोच धंदा खुर्चीवरून न उठता चालवते, आणि खुर्चीही बरोब्बर पंख्याखाली मांडते.

खंत एकच होती. नवरा इंद्रजीत दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. गाडी तामिळनाडूकडे गेली की महिना महिना घर नाही. गावभरच्या गाड्या मार्गी लावणाऱ्या बाईला स्वतःचा नवरा काही घरी आणता येत नव्हता. बारमाही माल देणारी एखादी कंपनी मिळाली, तर एक ट्रक भाड्याने घेऊन त्यावर इंद्रजीतला बसवायचं, हे तिनं केव्हाच ठरवून ठेवलं होतं.

त्यासाठीच ती लिंक्डइनवर गेली. आधी मोठ्या लोकांचं पाहून ‘मी जिद्दी आहे, मी स्वप्नं पाहते’ असलं काहीबाही लिहिलं. कोट घातलेला फोटोही लावला. कोट स्टुडिओवाल्याचा होता, त्याच्या बाह्या बोटांच्याही पुढे आलेल्या. वाहवा केली ती फक्त माहेरच्या भावंडांनी, आणि त्यांच्याकडे ट्रकभर माल कुठला असायला! मग तिनं तो फोटो काढून टाकला आणि स्वतःची पाठ थोपटणंही सोडलं. ताडपत्री कशी बांधली म्हणजे डाळीला ओल लागत नाही, पांढरकवड्याच्या पुढे रस्ता कुठे खोदलाय, हैदराबादहून कोणती गाडी रिकामी परत येतेय, असं रोज चार ओळी लिहू लागली. बोलणाऱ्याची बोरंही विकतात म्हणतात, ते खोटं नाही. अनोळखी व्यापारी चौकशी करू लागले. एक दिवस हैदराबादच्या डाळ पॅकिंग कंपनीतून प्रियंका मॅडमचा निरोप आला. वर्षभराचं काम द्यायचं आहे, कोणा जुन्या गिऱ्हाइकाची शिफारस दाखवा.

उज्ज्वलानं नेरच्या बेबीताईंना गळ घातली. बेबीताईंची डाळमिल आहे आणि त्यांचा माल पहिल्यापासून हीच पाठवते. त्यांचं लिंक्डइनचं खातंही हिनंच उघडून दिलेलं. शिफारस त्याच दिवशी आली. ‘उज्ज्वला सचोटीची आहे, माल जपून नेते, पोचला की कळवते.’ वाचता वाचता बाई खुर्चीत ऐसपैस झाली. पुढे लिहिलं होतं, ‘पण एकदा गाडी दोन दिवस उशिरा पोचली. आणि बाई भांडखोर आहे.’

उज्ज्वलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तडक फोन लावला.

“ताई, हे काहून लिहिलं तुम्ही? माहं काम जाईन ना!”

“अवं पोरी, नुसतं गोडगोड लिहिलं असतं तं नजर लागली असती तुले,” बेबीताई निवांतपणे म्हणाल्या. “लेकराले नटवलं का गालाले काजळाचा टिक्का लावतो का नाही आपण? तसा लावला.”

“साऱ्या जगासमोर?”

“मंग नजर कोनाची लागते वं? जगाचीच ना!”

शिफारस आपल्या पानावर लावायची की नाही, हे उज्ज्वलाच्या हातात होतं. ताईंना बदलून द्या म्हणावं, तर त्यांनी मायेनं केलेलं पुसायला सांगण्यासारखं. तशीच लावावी, तर इंद्रजीत राहिला तामिळनाडूत. तिला रडू यायचंच बाकी राहिलं. पण लिहिलेलं एक अक्षरही खोटं नव्हतं, भांडखोर हेसुद्धा. तिनं शिफारस होती तशी लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रियंका मॅडमचाच फोन आला. त्या मूळच्या नांदेडच्या, त्यामुळे मराठीतच बोलल्या.

“उशीर कशामुळे झाला होता?”

“पांढरकवड्याच्या पुढे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, मॅडम. मी दुसरी गाडी पाठवून माल तिच्यात चढवला.”

“आणि भांडण?”

“ट्रकमालकाशी. तो म्हणे पोती रस्त्याच्या कडेला उतरवा, नंतर पाहू. मी उतरवू दिली नाहीत.”

मॅडम हसल्या. “बाकीच्यांच्या शिफारशी साखरेत घोळवलेल्या आल्यात. अहो, गाडी सगळ्यांचीच बंद पडते. पडल्यावर तुम्ही काय करता, ते मला विचारता तरी आलं.”

आधी एक खेप झाली, मग वर्षाचं काम पक्कं झालं. बेबीताई त्याचं सगळं श्रेय काजळाला देतात आणि उज्ज्वला वाद घालत नाही. भांडखोर बाई एवढ्या एका ठिकाणी गप्प बसते.

इंद्रजीतनं जुन्या मालकाकडे चावी दिली आणि तो घरी आला. चार दिवस नुसता झोपला. मग आपली पहिली खेप भरून त्यानं भाड्याने घेतलेला ट्रक गाळ्यासमोर उभा केला आणि निरोप घ्यायला आत आला. इतकी वर्षं निघताना तो एवढंच म्हणायचा, “पाहू, कवा येनं होते तं.” आज दारात जरा थांबला. मनातल्या मनात हिशेब केला.

“परवा संध्याकाळी जेवाले घरी येतो,” तो म्हणाला. “भाकर ठेवजो.”

तेवढ्यात फोन वाजला. कोणातरी गिऱ्हाइकाचा असावा. उज्ज्वलानं तो हातात घेतला, पण डोळे असे भरून आले होते की स्क्रीनवरचं नाव तिला काही केल्या वाचता येईना.