नवऱ्याच्या विश्वासाचा हेवा

रंगारी परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला, त्याला चार वर्षं झाली. धडधाकट होता तेव्हा चर्चमध्ये त्याला कुणी विचारत नव्हतं. आता उपासना संपली, की लोक त्याच्या बायकोला दारातच गाठायचे. "काय विश्वास आहे हो तुमच्या मालकांचा!" ती तोंडभर हसायची आणि घरी जाऊन भांडी आपटायची.

खरं सांगायचं तर तिला हेवा वाटायचा. सवतीचा वाटावा तसा, आणि तोही स्वतःच्या नवऱ्याचा! दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चादरीची सुरकुतीन् सुरकुती काढायची, मधल्या वेळात शिंप्याच्या शर्टांना काजं-बटणं करायची, हे सगळं तिने. शांत चेहऱ्याने पडून राहून वाहवा मिळवायची त्याने. चार वर्षांत त्याच्या पाठीला एक जखम झाली नव्हती, पण 'काय पाठ आहे हो' असं कुणी म्हटलं नाही.

वाहवा गेली खड्ड्यात. तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. देव त्याच्याशी बोलतो, याची तिला खात्री होती. तो तासन् तास डोळे मिटून पडायचा, कपाळावर आठी नाही. ती मात्र गुडघे टेकले, की पहिल्याच वाक्याला पेंगायची. पहिली दोन वर्षं तिने देवाकडे त्याचे पाय मागितले. मग मागणं सोडलं, पुढे गुडघे टेकणंही. शेवटी तिने मनाशी ठरवलं, की या शनिवारची घरातली प्रार्थनासभा झाली की पाळकांना सांगायचं, माझं नाव चर्चच्या मंडळीतून काढा. एकाच घरात एकाला सगळं आणि दुसरीला काहीच नाही, मग बाकावर बसून नुसतं तोंड कशाला हलवायचं?

आजारी माणसाच्या घरी महिन्यातून एकदा प्रार्थनासभा भरवायची, ही मंडळीची रीत होती. शनिवारी दुपारी पंधरा माणसं त्या एवढ्याशा खोलीत दाटीवाटीने बसली. सभेनंतर जरा बोलायचंय, एवढं पाळकांच्या कानावर घालून ती भिंतीला टेकून मांडीवर शर्ट घेऊन बसली होती.

"भाऊ," पाळक म्हणाले, "आज तुमची साक्ष ऐकायचीय. एवढ्या संकटात विश्वास कसा टिकवलात?"

झालं, आता परत कौतुकाचा पूर, ती मनात म्हणाली.

"नाही टिकवला, साहेब," रंगारी म्हणाला. "दीड वर्ष झालं, मला प्रार्थनाच येत नाही. डोळे मिटून पडतो, ते कुणाशी बोलायला नको म्हणून."

पाळक पुढे सरकले.

"मग दिवस कसे काढता?"

"हिच्या जिवावर. मला वळवताना ही हात खाली घालते आणि म्हणते, 'प्रभू, लाव हात.' दर खेपेला. माझ्याशी कडाकडा भांडून आली तरी म्हणते. मी मनात आमेन म्हणतो. तेवढंच जमतं मला." त्याने बायकोकडे पाहिलं. "मला हिचा हेवा वाटतो, साहेब. शेजाऱ्याला हाक मारावी तशी ही देवाला हाक मारते."

सुई तिच्या बोटात घुसली. ती कसली प्रार्थना? ओझं उचलताना तोंडून निघायचे ते शब्द, तिला तर ते आठवतही नव्हते! हे ओरडून सांगावंसं तिला वाटलं. रागही आला. दीड वर्ष हा माणूस तिच्याच ताटातलं जेवत होता आणि बोलला नव्हता.

सभा संपली. पाळक दारात थबकले. "ताई, तुम्हाला काही बोलायचं होतं ना?"

"नंतर बघू," ती म्हणाली. "यांना वळवायची वेळ झाली."

दार लोटून ती आली, त्याच्या पाठीखाली हात घातले आणि तशीच उभी राहिली. जीभ उचलेना. पंधरा जणांनी ऐकल्यावर ते शब्द आता फार मोठे झाले होते.

"म्हण की," तो हळूच म्हणाला.

"आज तुम्ही म्हणा. मोठ्याने."

"प्रभू," त्याचा आवाज चिरकला, "लाव हात."

"आमेन," ती म्हणाली आणि तिने त्याला वळवलं.