वावभर दोर

परवा नात मोठ्यानं इंग्रजी वाचत होती. ‘फॅदमलेस’ या शब्दापाशी थांबली आणि मलाच समजावू लागली, “आजी, म्हणजे अथांग. फॅदम म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, आपली वाव. फार पूर्वी मिठीलाच फॅदम म्हणायचे.”

आणि मला भिजलेल्या अंबाडीच्या दोराचा वास आला.

वालूरची आमची मळ्यातली विहीर. निजामाचं राज्य जाऊन वर्षच झालं असेल. सकाळी पाय घसरून थोरली बहीण शेवंता आत पडली होती. बा दोराला लोखंडी गळ बांधून तिला शोधत होता. तळ लागेना, म्हणून तो नवा दोर मोजून जोडत होता. हात पसरायचा, दोर छातीवर ताणायचा, हात मिटायचा.

“अवं, लागला का तळ?” मायनं विचारलं.

“न्हाई. आनखी दोर आन.”

शेवंता धावत आली की बा असेच हात पसरायचा. त्या दिवशी विहिरीपाशी मला दोरच दिसत होता. आता डोळे मिटले की हात दिसतात. घरातला सगळा दोर संपला, तरी ते पसरत होते आणि रिकामेच मिटत होते.