मांडीवरचं टंकलेखन

"भाऊ, बोटाले समजते नं, मंग डोयाले काऊन तरास?" असं म्हणत बाई माझ्याकडे बघायच्या आणि मांडीवरच्या यंत्रावर बोटं मात्र चालूच ठेवायच्या.

ते यंत्र माझं. दौऱ्यावर टिपणं लिहायला कधीकाळी घेतलेलं. नुसता कीबोर्ड, वर चार ओळींचा पडदा, आणि तीन पेन्सिल सेलवर महिनोन्महिने चालायचं. मोबाईल वापरणारे तुम्ही त्याला खेळणंच म्हणाल. लिहिण्याखेरीज त्याला काही येत नव्हतं, म्हणूनच माझा त्याच्यावर जीव.

बाईंचे यजमान वनरक्षक होते. ते गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर बाई मुलचेऱ्याला आमच्या वन कार्यालयात लिपिक झाल्या. दोन वर्षांत मराठी टंकलेखनाची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द, नाहीतर नोकरी खलास. कार्यालयातला एकुलता एक संगणक कायम अहवालांत गुंतलेला आणि त्यांच्या गावात विजेचा भरवसा नाही. म्हणून मी ते यंत्र त्यांना दिलं. पण त्याला मराठी कुठं येत होतं? बाईंनी कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. बोटं मराठी लिहायची आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटायची. बाई तिकडे बघायच्याच नाहीत.

मोहाच्या दिवसांत त्या पहाटे फुलं वेचून आणायच्या, अंगणात वाळत घालायच्या आणि गुरं हाकलत तिथंच मांडी घालून सराव करायच्या. यंत्राला मोहाचा वास लागला होता. सेलांना नशा चढेल, म्हणून मी चिडवायचो.

पहिल्या परीक्षेत बाई नापास झाल्या. उंच टेबलावर त्यांचे हात कधी टेकलेच नव्हते! मला माझाच राग आला. एवढी साधी गोष्ट सुचायला हवी होती.

दुसरी संधी शेवटची आणि सवय मोडायला वेळ नाही. चंद्रपूरच्या केंद्रावर बाईंनी बसल्याबरोबर कीबोर्ड मांडीवर ओढला. पर्यवेक्षक धावत आले.

"बाई, टेबलावर ठेवा तो."

"साहेब, टेबलावर मायी बोटं मायं आयकत नाई. वायर पुरून राह्यली, राहू द्या नं."

ते हसले म्हणे, आणि पुढं गेले.

बाई पास झाल्या. निकाल बघून डोळे माझेच भरले. "भाऊ, तुमी त नापास झाल्यावानी रडून राह्यले," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्यांची सिरोंच्याला बदली झाली. त्यांच्याच कार्यमुक्तीचा आदेश टाइप करायला आमच्याकडे दुसरं होतं कोण? बाईच बसल्या, कीबोर्ड मांडीवर घेऊन. पाच ओळींचा मजकूर. त्याला त्यांनी अर्धा तास लावला, आणि मीही घाई केली नाही.