जपून कुजवलेली सीट

दार उघडलं आणि मी दोन पावलं मागं सरकलो. आत भिजलेल्या जोड्यांसारखा वास कोंडला होता.

"सलीमभाई, गाडी काहून वास मारून राहिली?" सदाभाऊंनी विचारलं.

सदाभाऊ गोरेगावचे, सोयाबीन-तुरीचे व्यापारी. मी हिंगोलीत गाड्यांच्या सीटा शिवतो. त्यांनी लेदर सीटांची नवी गाडी घेतली तेव्हाच मी बजावलं होतं, "कंपनीचं प्लास्टिक आधी काढा. लेदर म्हणजे चामडं, त्याला हवा लागते. धूळ ओलसर कापडानं पुसा. अधूनमधून कंडिशनर लावा, म्हणजे चामड्याचं मलम. गाडी सावलीत लावा. बस्स."

यातलं त्यांनी एकही केलं न्हाई. प्लास्टिक तसंच. त्यावर रेक्झिनचं कव्हर, त्यावर चादर. सगळा पावसाळा आतली ओल आतच. प्लास्टिक उचललं तर खाली पांढरी बुरशी, आणि हाताला चिकट काहीतरी.

"हे काय लावलं?"

"खोबरेल. जोडे नाही का मऊ राहत तेलानं?"

मी डोक्याला हात लावला. तेल मुरतं, त्यावर धूळ बसते, शिलाई कुजते. हेही सांगून झालं होतं.

तेवढ्यात त्यांची आई काठी टेकत दुकानात आली. डोळ्याच्या दवाखान्यातून एकटीच.

"मावशी, तुमी गाडीतून न्हाई आल्या?"

"जीपनं आले."

"काठी लागते सीटला," सदाभाऊ पुटपुटले.

मग मात्र माझा आवाज चढला. "अहो, काठीच्या बुडाला रबर बसवा! माय जीपमधी दाटीवाटीनं येते अन् सीट एकटी आरामात?"

"त्याला नको बोलू, भाऊ," म्हातारी म्हणाली. "मलाच न्हाई बसायचं. प्लास्टिकवरून चादरीसकट घसरते मी. ड्रायव्हरनं ब्रेक मारला अन् खाली पडले. गुडघा फुटला."

सदाभाऊ चमकले. "मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर आधी सीट बघितली असती तू."

मग सदाभाऊ हळूच म्हणाले, "सलीमभाई, काढा सगळं."

बाकीच्या सीटा वाचल्या. सौम्य साबणाच्या फडक्यानं पुसल्या, सावलीत वाळवल्या, कंडिशनर चोळला. ड्रायव्हरच्या सीटचं लेदर मात्र पापुद्र्यासारखं निघून आलं. ते नवीन शिवावं लागलं.

गाडी न्यायला मायलेक दोघं आली. म्हातारी पुढं बसली. सदाभाऊंनी नव्या लेदरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आता वरून एखादं पातळ प्लास्टिक टाकलं तर?"

मी कात्री टेबलावर आपटली. पण बोलायची गरज पडली न्हाई.

"टाक," म्हातारी दार उघडत म्हणाली. "मी जाते जीपनं."

प्लास्टिक टाकलं न्हाई. वापरानं लेदर झिजतं, त्यावर माझ्याकडं इलाज आहे. जपून जपून कुजवलं, तर नवंच शिवावं लागतं.