आईचं पोट आणि भिलाईची बासी

आर्वीच्या घराला लावलेलं कुलूप आईने पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं आणि ऑटोत बसता बसताच जाहीर केलं, "लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चालली मी. दिवाळीले वापस येईन." बाबा गेल्यावर तिला एकटीला तिथे ठेवायला माझं मन घेईना, म्हणून मी तिला न्यायला भिलाईहून आले होते. लग्नानंतर याच रस्त्याने निघाले तेव्हा मी ढसाढसा रडले होते. आई मात्र आता रडली नाही. तिने फक्त पोटावर हात ठेवला. "हे आता बिघडते पाहजो."

भिलाईत जुनवानी भागातल्या आमच्या घरी पोचल्यावर ते खरंच बिघडलं. पोट साफ होईना. सकाळी ती बाथरूममधून बाहेर आली की आम्ही सगळे चहाचे कप धरून, दहावीचा निकाल लागावा तसे तिच्या चेहऱ्याकडे पाहायचो. आमचे हे फर्स्ट शिफ्टला स्टील प्लान्टमध्ये निघताना मला हळूच विचारायचे, "आज काही?" मी नकारार्थी मान हलवायचे. डॉक्टरांनी चूर्ण दिलं, फिरायला सांगितलं. आईचं निदान वेगळंच होतं. "लेकीच्या घरचं अन्न अंगी लागत नाई. मले आर्वीले पोचवून दे."

शेजारच्या साहू काकू शाळेतून रिटायर झालेल्या, आईच्याच वयाच्या. पोटाची बातमी कुंपणावरून गेलीच होती. त्या वाटीभर बासी घेऊन आल्या. "खा ले दीदी, पेट जुडा जाही." म्हणजे पोट थंड होईल.

"काय हाय हे?" आईने मला विचारलं.

"रात्री पाण्यात भिजवलेला भात."

"शिळा भात? मी काय भिकारीण हाय?"

"मराठी समझथंव, दीदी," काकू हसून म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या. आईला कुठे तोंड लपवावं कळेना. वाटीला मात्र तिने हात लावला नाही.

मग मीच घरी करायला घेतली. गरम भातावर पाणी ओतलं, डब्याचं झाकण गच्च दाबलं आणि मे महिन्याच्या उकाड्यात ओट्यावर ठेवून विसरले. झाकण उघडलं तेव्हा माझी लेक "मम्मी, कुछ मर गया क्या?" म्हणत अंगणात पळाली.

आई नाकाला पदर लावून आत आली. "तुले ताजा भात धड जमत नाई, शिळा काय जमन! सर तिकडं."

आल्यापासून ती शेगडीजवळ फिरकली नव्हती, पाहुणी ना! त्या संध्याकाळी तिने भात जरा मोकळा शिजवला, पूर्ण निवू दिला, मडक्यात घालून वर पाणी ओतलं आणि पातळ फडकं झाकलं. सकाळी हलका आंबूस वास आला. मीठ, दही, कच्चा कांदा घालून तिने औषध घेतल्यासारखी बासी खाल्ली. मग भांडं कलतं करून पाणीही प्याली.

काही दिवसांनी एका सकाळी ती बाथरूममधून आली ती सरळ फोनकडे. स्पीकर लावून मावशीला म्हणाली, "शांते, झालं वं! मोकळं झालं!" यांनी चहाचा कप खाली ठेवून चक्क टाळ्या वाजवल्या. शिळं कसं खाल्लंस, असं मावशीने विचारताच आई तडकली, "शिळं नाई, आंबवलेलं हाय ते."

आता रोज सकाळी काकू आणि ती ओसरीवर बासी खात भांडतात. काकूंना सोबत आमारीची, म्हणजे आपल्या अंबाडीची, भाजी हवी असते आणि आईला जवसाची चटणी. एक छत्तीसगढी बोलते, एक वऱ्हाडी, आणि दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही.

मी मात्र इतकी वर्षं 'घरी जाते' म्हणजे आर्वीला आणि 'घरी आले' म्हणजे भिलाईला, असंच बोलत आले आहे. खरं घर कुठलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवाळी कधीच होऊन गेली. परवा मावशीने फोनवर विचारलं, "कावून वं, आर्वीले वापस येतं कधी?"

आई मडक्यावर फडकं बांधत होती. "येईन ना," ती म्हणाली. "पन आज कशी येऊ? उद्याचा भात भिजू घातला हाय."