बाबांचं टोकन

आमच्या ह्यांचा माणसांपेक्षा टोकनांवर जास्त भरवसा. त्यांचा तरी काय दोष म्हणा, सगळी नोकरी भिलाईच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात गेली. गेटातून आत जाताना प्रत्येक जण बोर्डावरचं आपल्या नंबरचं टोकन काढून खिशात टाकायचा आणि बाहेर पडताना परत खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून आत. शिफ्ट सुटल्यावर एखादा खिळा रिकामा दिसला की ह्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. एकदा तर माझे बाबाच, ते तेव्हा भट्टीवर होते, टोकन खिशात तसंच घेऊन घरी आले. मागोमाग हे सायकल हाणत दारात हजर. नवे जावई, घामाने चिंब, आणि विचारतात काय, "बाबा, तुम्ही आत आहात की बाहेर?" बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. "आता तुमीच सांगा जावईबापू," ते म्हणाले. ही गोष्ट आमच्या घरी किती वर्षं चालली, विचारू नका.

तर अशा माणसाने अंदमानची सहल काढली. ऐंशीनंतरची ती वर्षं. सेक्टर सहामध्ये ज्याला त्याला एलटीसी, म्हणजे कारखान्याकडून मिळणारं सहलीचं भाडं, घेऊन लांब जायची हौस आली होती. कोणी काश्मीर करून आलं, कोणी कन्याकुमारी. आपण समुद्रापलीकडे जायचं, असं ह्यांनी आणि गल्लीतल्या दोन-चार मराठी घरांनी ठरवलं. हावडा गाडीने कलकत्ता, तिथून मोठं जहाज, आणि पुढे एक छोटी बोट, जी एकेका बेटाला लागत लागत जाते. बेटाला लागली की तांदूळ, सिमेंट, कोंबड्या उतरवायला तिला काही तास लागतात. तेवढ्या वेळात प्रवासी धक्क्यावर बसून नारळ पितात, असं तिकडे जाऊन आलेल्या एकाने सांगितलं. हे भडकलेच. "एवढ्या दूर जाऊन धक्क्यावर बसायचं? प्रत्येक बेटावर आपली गाडी उभी पाहिजे. उतरलो की बसलो, बेट पाहिलं की परत."

शिवनाथ नदीपेक्षा जास्त पाणी ज्याने कधी पाहिलं नव्हतं, तो माणूस व्हरांड्यात बसून बेटांवरच्या गाड्या ठरवायला लागला. कुठल्या शाळेच्या हेडमास्तरांना पत्र, कुठल्या रेशन दुकानदाराला तार. उत्तरंही यायची, दमट वासाची. एकाने लिहिलं, जीप आहे, पण तिची बॅटरी तुमच्याच बोटीने यायची आहे. दुसऱ्याने लिहिलं, जीप नाही, ट्रक आहे, बाकडी टाकून देतो, बायकांना चढायला स्टूल घेऊन या. आम्ही भिलाईहून अंदमानला स्टूल घेऊन गेलो. खोटं वाटेल, पण गेलो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी बजावून कळवली होती, की बोट कोणासाठी थांबत नाही. भोंगा वाजला की निघते. स्वतःची गाडी करून फिरायला गेलात तर तुमचं तुम्ही बघा. मागे राहिला तो राहिला, पुढची बोट समुद्राच्या मर्जीने. आता हे काय सोडतात! पत्र्याच्या चकत्या कापल्या, त्यांवर नंबर रंगवले, प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकले. बेटावर उतरताना आपलं टोकन घ्यायचं, बोटीवर चढलं की अडकवायचं. त्याची तालीम त्यांनी मैत्रीबागेत घेतली, वाघाच्या पिंजऱ्यापासून गेटापर्यंत. लोक हसून हसून बेजार झाले. सगळ्यांत जास्त हसले बाबा, कारण तेही आईला घेऊन येणार होते, आणि रिटायर झाल्यावर त्यांना परत टोकन मिळालं होतं.

बाबा दिवाळीआधी गेले. जवळच्याच पद्मनाभपुरातल्या त्यांच्या घरी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आई रडली नाही. तेराव्यानंतर मी तिला आमच्या क्वार्टरमध्ये आणलं, तर पहिल्याच दिवशी तिने दोन ताटं वाढून घेतली. एक स्वतःचं, एक शेजारी. मग त्या ताटाशी बोलायला लागली. भाजीत मीठ कमी झालं का, चष्मा कुठं ठेवला. बाबांजवळ तंबाखू नेहमी असायची आणि चुना कधीच नसायचा, जन्मभर दुसऱ्याचा चुना मागून खाल्ला त्यांनी. आता आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायची, "बाजूच्याइकडून थोडासा चुना आण वं, हे मांगून राहिले." माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा, आणि लगेच संताप. "आई, बाबा गेले! किती वेळा सांगू तुला?" ती माझ्याकडे अशी पाहायची, जसं काही माझंच डोकं फिरलं आहे.

स्वतः ती खात नव्हती. दोन्ही ताटं भरलेली उचलावी लागायची. ब्लाउज तिच्या अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा, असंच चाललं तर या बाई फार दिवस काढणार नाहीत. बाप गेला होता, आणि आता आई त्याच्यामागे एकेक पाऊल चालली होती, माझ्या डोळ्यांदेखत. मला ती परत हवी होती, बाकी काही नको. म्हणून सहल रद्द केली नाही. वर्षही झालं नाही आणि बघा निघाल्या फिरायला, असं लोक बोलले. बोलू दे मेल्यांना, म्हटलं.

छोट्या बोटीवर चढल्या चढल्या ह्यांनी जिन्याजवळ बोर्ड टांगला. टोकनं आधीच रंगवून ठेवलेली, त्यामुळे आईच्या शेजारी बाबांचंही लटकत होतं. हे ते काढायला गेले तर आई म्हणाली, "राहू द्या ना. तिकीट काढलं होतं ना त्याइचं?" ह्यांनी हात मागे घेतला. मी डोळे वटारले, पण आता काय उपयोग.

पहिल्या बेटावर जीप आली, बॅटरीसकट. आई मागे बसली आणि तिने शेजारच्या जागेवर तळहात ठेवला. "इथं नोका बसू कोनी." दाटीवाटीने बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि ती जागा सोडली. परत आलो तर बाबांचं टोकन खिळ्यावर हलकेच झुलत होतं. जाताना मी तो खिळा रिकामा पाहिला होता, म्हणजे आईने दोन्ही नेली होती आणि दोन्ही परत आणली होती. त्या संध्याकाळी आई जेवली. दोन पोळ्या, वरण, वर लोणचं मागून घेतलं. मी डेकच्या मागे जाऊन रडून घेतलं आणि ठरवलं, टोकनाबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही.

पुढच्या बेटांवरही तसंच. आई जेवायची, खालच्या आवाजात बोलायची, मधेच पदर तोंडाला लावून हसायची. सोबतचे लोक मात्र हळूहळू गप्प होत गेले. शेजारीण एकदा कानाशी लागली, "वहिनी, राग नका मानू, पण तुमच्या आईजवळ बसलं की एका बाजूनं थंड लागते." मी फाडकन म्हटलं, "समुद्राचा वारा आहे तो!" वारा नव्हता. मलाही लागलं होतं.

शेवटच्या बेटावर ट्रक होता. म्हातारा ड्रायव्हर, कधीतरी तिकडे वसवलेल्या लोकांपैकी, हिंदी बोलायचा. आमचं स्टूल पाहून खूष झाला. रस्ता जंगलातून होता. झाडं इतकी उंच की भर दुपारी खाली अंधारलेलं. पाखराचा आवाज नाही, पानांची सळसळ नाही, फक्त ट्रकची घरघर. मग एकदम उजेड आला आणि किनारा. ओहोटीने समुद्र इतका आत गेला होता की दिसतच नव्हता, नुसती ओली वाळू आणि तिच्यात उभे राहिलेले वाळक्या झाडांचे बुंधे. आमची पोरं ओरडत पळाली, पण त्यांचा आवाज तिथल्या तिथे विरून जात होता. हे घड्याळ बघत फेऱ्या मारत होते.

आई दूर एका आडव्या पडलेल्या खोडावर जाऊन बसली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. ड्रायव्हरही त्याच बाजूला उभा होता. मी डबे उघडायला वळले, आणि पुन्हा पाहिलं तेव्हा आई वाळूतून एकटी चालत येत होती. तशी ती रोजच एकटी असायची, पण त्या दिवशी ती मला एकटी दिसली. परतताना तिने शेजारच्या जागेवर हात ठेवला नाही. शेजारणीची मुलगी तिथे येऊन बसली, तर आईने पदराने तिचं नाक पुसलं.

बोटीवर चढलो. भोंगा वाजला. टोकनं पटापट अडकवली गेली आणि ह्यांनी बोर्डावर नजर टाकली. दुसऱ्या क्षणी हे चढा-उतरायच्या फळीवर, एक पाय बोटीत, एक धक्क्यावर. "रुको! एक आदमी बेटावर राहिला आहे! बोट सोडायची नाही!" खलाशी ओरडतोय, वरून बोट चालवणारा सारंग शिव्या देतोय, आणि हे हलायला तयार नाहीत. मी म्हटलं, "अहो, सगळे तर आहेत! कोण राहिलं?" ह्यांनी बोर्डाकडे बोट केलं, नंबर वाचला, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांनीच वाचला.

तेवढ्यात धक्क्यावरून ड्रायव्हर म्हणाला, "हाँ बाबू, वो बुज़ुर्ग रह गए।"

"कौन बुज़ुर्ग?" मी विचारलं.

"वही, माँजी के साथ जो बैठे थे। दुबले से। तंबाकू था उनके पास, चूना नहीं था, हमसे माँग के लिया। हम बोले, चलो बाबा, बोट छूट जाएगी। बोले, तुम लोग जाओ, हमको यहीं उतरना था।"

गावातला कोणी म्हातारा असेल, म्हणा ना. तंबाखू खाणारे म्हातारे जगात काय कमी आहेत? दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. पण मी कठडा धरला.

हे तसेच उभे. खिळा रिकामा असताना बोर्ड बंद करायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय. आणि ज्याचा खिळा रिकामा, त्याच्या तिरडीला ह्यांनीच खांदा दिला होता. सारंग वरून गरजत होता. शेवटी हे आत आले, एका खलाशाच्या हातातली पक्कड घेतली आणि तो खिळाच उपटून काढला. टाइम ऑफिसात माणूस कायमचा गेला की असंच करतात. मग म्हणाले, "सोडा." फळी ओढली गेली.

आई बाकावर बसून किनाऱ्याकडे पाहत होती. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आई, बाबांचं टोकन कुठे आहे?"

"त्याइच्याजवळ."

"तू टाकून आलीस?"

"मी कायले टाकू? त्याइनंच मांगितलं. म्हनले, मले इथं बरं वाटून राहिलं, तू जाय." ती शांतपणे सांगत होती, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी. "मी म्हटलं, मंग मी बी रायते. तर असे रागावले! म्हनले, ऊठ, बोट थांबत नाही."

म्हणजे ती राहणारच होती. आम्ही डबे उघडत होतो, हे घड्याळ बघत होते, आणि तिकडे माझी आई राहायचं की यायचं हे कोणाला तरी विचारत होती. तिला जवळ ओढून घ्यावं, इतकं तरी मला सुचायला हवं होतं. पण मला दुसरंच काहीतरी झालं. इतके महिने जिला मी दटावत आले होते, तिला मी पोरासारखं विचारलं, "आई, माझ्याबद्दल काही म्हणाले का गं?"

तिने खरंच आठवून पाहिलं. "नाही वं," ती म्हणाली. "तुह्यं काही नाही काढलं."

बोट धक्क्यापासून सुटली. मध्ये पाणी आलं, वाढत गेलं. झाडांची ती काळी रांग आणि तिच्यापुढची पांढरी वाळू दिसत होती. वाळूवर कोणी होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही, उन्हाने डोळे भरून आले होते. मी बाबांसाठी रडलेच नव्हते. आईचं करता करता राहूनच गेलं होतं. मी कठड्यावर वाकले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाबाऽ!" सगळी बोट वळून पाहायला लागली. मी पुन्हा श्वास घेतला, तेवढ्यात आई उठली आणि तिने मागून माझ्या तोंडावर हात दाबला. हात गरम होता, चांगला जोर होता त्यात.

"आवाज देऊ नोको, बाई," ती माझ्या कानात म्हणाली. "वापस येतीन ते."